चिक्की रांगेत येते, मग रोबो कशाला?

प्रश्न : लोणावळ्याजवळ आमचा दाण्याच्या आणि तिळाच्या चिक्कीचा कारखाना आहे. कापलेली चिक्की आम्ही ट्रेमध्ये भरून पॅकिंगच्या टेबलावर ओततो. तिथून बायका एकेक वडी उचलून फ्लो-रॅप मशीनला, म्हणजे वडीला फिल्ममध्ये गुंडाळून बंद करणाऱ्या मशीनला लावतात. संक्रांतीच्या आधी माणसं मिळत नाहीत. एका विक्रेत्याने कॅमेरा लावलेल्या रोबोचं कोटेशन दिलंय. पट्ट्यावर कशीही पडलेली वडी तो ओळखतो, तुटकी बाजूला काढतो म्हणे. घ्यावा का?

उत्तर : कोटेशन जरा बाजूला ठेवा. वडी पट्ट्यावर ‘कशीही’ पडते, ती का? कटरखालून निघते तेव्हा ती रांगेतच असते. तुम्हीच ती ट्रेमध्ये ओतून रांग मोडता आणि मोडलेली रांग परत लावायला रोबो आणता. दोन्ही खर्च तुमच्याच खिशातून. कटर आणि फ्लो-रॅप यांच्यामध्ये चिक्की गार होण्याइतका लांब पट्टा बसतो का, ते आधी पाहा. पुढचा पट्टा मागच्यापेक्षा थोडा जास्त वेगाने फिरवला की वड्यांमध्ये आपोआप फट पडते. एवढं जमलं तर रोबोचं बरंचसं काम संपलं. विक्रेता हे सांगणार नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तर सांगितलं असतं का, देव जाणे.

जागाच नसेल, किंवा एका बॉक्समध्ये दाणा, तीळ, राजगिरा असा मिक्स माल भरायचा असेल, तर मात्र रोबोला अर्थ आहे. मग डेमो मागा आणि डेमोला चिक्की तुमचीच न्या. विक्रेत्याकडे प्लॅस्टिकचे गुळगुळीत चौकोन असतात, ते कोणताही रोबो उचलतो. तुमच्या चिक्कीचे दाणे वर आलेले असतात. हवा ओढून वडी धरणारा सक्शन कप टेकला तरी कडेने हवा आत शिरते आणि वडी वाटेतच सुटते. मऊ, घडीचा कप आणि जास्त हवा ओढणारा ब्लोअर लावला तर जमतं. क्रश चिक्की सपाट, ती फारसा त्रास देत नाही. तिळाची मात्र लबाड! सुटे तीळ नळीत ओढले जातात, म्हणून नळीला फिल्टर आहे का आणि तो किती पटकन उघडून साफ होतो, हे बघून घ्या. जमलं तर डेमो पावसाळ्यात ठेवा. गूळ हवेतलं पाणी ओढतो, वडी चिकट होते आणि कपाला सोडत नाही.

आता कॅमेरा. गुळाच्या चकाकीने तो फसतो. खिडकीचं ऊन किंवा वरची ट्यूब वडीवर चमकली की तिथे त्याला पांढरा डाग दिसतो. पट्ट्यावर पेटी करून आत पसरट, मऊ उजेड द्यावा लागतो. पट्टा निळा घ्या. निळा खाद्यपदार्थ सहसा नसतो, त्यामुळे वडीची कड स्वच्छ उठून दिसते. तुटका कोपरा त्याला लगेच कळेल. पण जाडी वरून काढलेल्या साध्या फोटोत कळत नाही, त्याला लेझरची रेघ टाकून उंची मोजणारा वेगळा कॅमेरा लागतो. दोन वड्या चिकटून आल्या तर त्याला ती एकच मोठी वडी वाटते. त्या वेळी रोबोने काय करायचं, हे आधीच ठरवून घ्या.

बायकांबद्दल एक गोष्ट. त्या नुसत्या वड्या उचलत नाहीत. करपलेली, कच्च्या पाकाची, खडा असलेली वडी उचलता उचलता बाजूला टाकतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून कोटेशनमध्येही ते नसतं. महिनाभर ती बाजूला काढलेली चिक्की वेगळ्या डब्यात ठेवा आणि प्रत्येक वडी का काढली, ते त्या मावशींनाच विचारून लिहून घ्या. कॅमेऱ्याला शिकवायला हाच माल लागतो. शिकवताना मावशींना शेजारी बसवा, इंजिनिअरला एकट्याला सोडू नका.

प्रश्न : केळी वेफर्सच्या काही पाकिटांवर तारीख उमटत नाही आणि दुकानदार माल परत पाठवतो. कॅमेरा लावला, पण तो चांगली पाकिटंही बाद करतो.

उत्तर : कॅमेरा भरलेल्या पाकिटावर लावलाय ना? फुगलेल्या पाकिटावर सुरकुत्या आणि चमक असते, अक्षरं वाकडी होतात. तुमचा प्रिंटर तारीख फिल्मवर, पाकीट बनायच्या आधीच छापत असणार. कॅमेरा त्याच्या लगेच पुढे, फिल्म सपाट ताणलेली असते तिथे न्या. फक्त बाद ठरलेला तुकडा किती पाकिटांनंतर खाली पडणार, हे मशीनला मोजायला लावा, नाहीतर भलतंच पाकीट फेकलं जाईल.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे. पॅकिंगचे रोबो छताला उलटे का टांगतात? आणि हलत्या पट्ट्यावरची वस्तू त्यांना अचूक कशी सापडते?

उत्तर : तो डेल्टा रोबो. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात रेमों क्लाव्हेल यांनी 1980च्या दशकात तो घडवला, आणि निमित्तही खाण्याचंच होतं : चॉकलेटं बॉक्समध्ये भरणं. त्याच्या मोटारी वर चौकटीत बसवलेल्या असतात, हलतात ते फक्त हलके दांडे. वजन नाही म्हणून वेग : हलकी वस्तू असेल तर मिनिटाला शंभराच्या वर उचली. वरून टांगल्यामुळे खालचा पट्टा मोकळा राहतो.

वस्तू दिसली तिथे रोबो हात घालतच नाही. कॅमेरा फोटो काढतो त्याच क्षणी पट्ट्याच्या एन्कोडरचा, म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा नोंदला जातो. पुढे आकडा जेवढा वाढला, तेवढी वस्तू सरकली, असा हिशेब करून रोबो ती आता असेल त्या जागी हात नेतो. मी परीक्षक असतो तर व्हायव्हाला विचारलं असतं : पट्टा मध्येच थांबला तर? काही बिघडत नाही, आकडाही तिथेच थांबतो. पट्ट्यावर वस्तू घसरली तर मात्र रोबो हवाच उचलतो.