गाडी आणि कायदा : माझीच गाडी का थांबवतात?

प्रश्न : सर, मी २३ वर्षांचा आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल. वडिलांची जुनी पांढरी हॅचबॅक मला मिळाली. पगारातून जमेल तशी सजवली. आखूड स्प्रिंग टाकून खाली घेतली, रुंद अलॉय चाकं बसवली, मागे मोठा मफलर (सायलेन्सर), चारही काचांना काळी फिल्म आणि वरून मॅट काळा रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायचं आवरण. रात्री कामावरून येताना नाकाबंदीत पुढच्या सगळ्या गाड्या सोडतात आणि मला मात्र बाजूला घेतात. कधी कागद बघून जाऊ देतात, कधी चलान करतात, कधी ‘बापाचा पैसा उडवतोस का’ हे ऐकावं लागतं. मी पिऊन चालवत नाही, शर्यती लावत नाही. थांबायला नकार देता येतो का? हा छळ नाही का?

उत्तर : नकार देता येत नाही. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) दाखवणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार बंधनकारक आहे. कायदेशीर आदेश धुडकावला तर कलम १७९ चा २,००० रुपये दंड आहे, तो वेगळाच. छळाबद्दल म्हणशील तर थोडा आहे. तरुण पोरगं, सजवलेली गाडी, रात्रीची वेळ, एवढ्यावर थांबवायला पोलिसाचा हात वर होतो. बापाच्या पैशाची चौकशी करायला कुठलंही कलम कुणाला अधिकार देत नाही.

पण मी निवृत्त मोटार वाहन निरीक्षक आहे, त्यामुळे तुझ्या पत्रात मला छळाआधी गाडी दिसली. नाक्यावरच्या माणसाला अंधारात, लांबून काय कळतं? आवाज, काच आणि रंग. तू या तिन्ही गोष्टींना हात लावलास. स्प्रिंग आणि अलॉय तो तुला थांबवल्यावर बघतो, त्यांच्यासाठी थांबवत नाही.

फिल्म आजच उतरव. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कुठलीही काळी फिल्म चिकटवायला मनाई केली. कारखान्यातूनच रंगीत आलेली काच चालते, तीही पुढची-मागची किमान ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के प्रकाश आत सोडणारी असेल तर. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, नंतर बदललेल्या नियमाच्या आधारे, एवढीच पारदर्शकता राखणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली आहे. तो निकाल मोबाईलवर उघडून महाराष्ट्रातल्या नाक्यावर हुज्जत घालावी, असं मी तरी सुचवणार नाही. रात्री अकराला रस्त्याच्या कडेला कुणी निकालपत्र वाचत नाही.

मफलर मूळचा बसव. आवाज आणि धुराची मानकं मोडली तर कलम १९०(२) लागतं : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. आवाजाचा शौक मी समजू शकतो. झोपलेल्या गल्लीतून तो वाजवण्याचा नाही समजू शकत.

आता रंग. तुला वाटतं काळी गाडी रुबाबदार दिसते म्हणून ते जळतात. हवालदार तुझा नंबर यंत्रात टाकतो, समोर येतं ‘पांढरी’, आणि उभी असते काळी. चोरीच्या गाड्या अशाच सापडतात, त्यामुळे या तफावतीवर त्याने तुला जाऊ दिलं तर उलट त्याचंच चुकलं. कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि गाडी जुळली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं : मंजुरी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द तुझ्यासारख्याने दोनदा वाचावा. रंग हवाच असेल तर आधी आरटीओत अर्ज करून तो आरसीवर चढवून घे, नाहीतर रॅप काढ.

स्प्रिंग आणि अलॉयबद्दल : त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी स्वतः जो मापाचा टायर देते, तेवढ्यावर थांब आणि बिल गाडीत ठेव. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक थांबवल्यावर लगेच नजरेत येतं, आणि खड्ड्यात गेल्यावर तुलाही कळतं. स्प्रिंगचं म्हणशील, तर मी तुझ्या जागी असतो तर मूळच्याच परत घातल्या असत्या, पण तू ऐकणार नाहीस. निदान विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळव. दाव्याच्या वेळी न कळवलेला बदल हे त्यांच्या हातातलं आयतं कारण असतं.

एवढं केल्यावरही थांबवतीलच, काही दिवस तरी. तेव्हा गाडी कडेला, इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच पूर्ण खाली. हात स्टिअरिंगवर. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली लायसन्स-आरसी मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत, प्लास्टिकच्या कार्डाचा हट्ट त्यांना धरता येत नाही. ‘साहेब, कशासाठी थांबवलं?’ एवढंच विचार, आणि विचारताना कॅमेरा तोंडासमोर धरू नकोस. लायसन्स जप्त केलं तर त्याची पोच मागून घे, कलम २०६ प्रमाणे ती द्यावीच लागते. ‘इथंच मिटवू’ असा सूर आला तर चलान करायला सांग. मिटवलेल्या प्रकरणाचा कागद नसतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस तुला लांबूनच ओळखतो.

एक नियम फारसा कुणी वापरत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख सरकारी पोर्टलवर नोंदवायची आहे, आणि तीच ती गाडी उगाच परत परत तपासली जाऊ नये हाच त्यामागचा हेतू सरकारने सांगितला होता. म्हणून दर वेळी घरी पोचल्यावर तारीख, वेळ, चौक, बक्कल नंबर आणि सांगितलेलं कारण लिहून ठेव. गाडी नियमात आल्यानंतरच्या नोंदी पुरेशा जमल्या की शहरात असशील तर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना, जिल्ह्यात असशील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दे, वर याच नियमाचा हवाला. बापाच्या पैशाचं वाक्य त्यात जसंच्या तसं, अवतरणात घाल. आज अर्ज दिलास तर पहिलाच प्रश्न काचेवर येईल आणि तुझं बाकीचं म्हणणं कुणी ऐकणार नाही.

प्रश्न : कुणीतरी मॉडिफाय केलेली जुनी गाडी घेतोय. व्यवहाराआधी काय बघू?

उत्तर : आरसीवरचा रंग, इंधन आणि इंजिन क्रमांक गाडीशी ताडून बघा. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, किटवाल्याची पावती पुरत नाही. गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलान शोधा आणि आधीच्या मालकाकडून भरून घ्या. पुढे बुलबार, म्हणजे बंपरवर लावलेला लोखंडी दांडा, असेल तर तो त्यालाच काढून ठेवायला सांगा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिलेले आहेत, आणि तुम्ही नाक्यावर ‘हे आधीच्याने लावलंय’ म्हणालात तरी चलान तुमच्याच नावाने होणार.