पर्समधलं मंगळसूत्र

या वेळच्या टपालात दोन पत्रं एकाच विषयाची निघाली. एक निपाणीचं, एक खानापूर तालुक्यातलं. दोन्ही घरांत परदेशी माणूस यायचाय आणि दोन्ही घरं व्हिसाची वाट बघतायत. मी तीस वर्षं बेळगावच्या कोर्टाच्या आवारात बसून कन्नड आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं केली. माझी स्वतःची मुलगी लग्नानंतर कॅनडाच्या व्हिसासाठी चौदा महिने माहेरी थांबली होती. त्या अनुभवावर लिहिते.

काकू, आमच्या मुलाचं अमेरिकेतल्या मुलीशी जमलंय. दोघं बंगळूरला एकाच कंपनीत होती. तिने तिकडे फियान्से व्हिसाचा अर्ज भरलाय, त्याला आठ महिने झाले. आता ती पंधरा दिवसांसाठी येतेय. भावकी म्हणते, आलीच आहे तर अक्षता टाकून घ्या, कागद मागाहून येतील. हॉलही धरलाय. चालेल ना?
— एक आई, निपाणी

ताई, हॉलचा ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे, पण अक्षता टाकू नका.

तिने ज्याचा अर्ज भरलाय तो के-वन व्हिसा लग्न न झालेल्यांसाठीच असतो. तिकडे उतरल्यावर 90 दिवसांत लग्न करायचं, या अटीवर तो देतात. मुंबईच्या वकिलातीत मुलाची मुलाखत होईल तेव्हा दोघांचे फोटो बघतील. अंतरपाट, हार, भटजी, मंगळसूत्र एवढं फोटोत दिसलं की अधिकारी म्हणू शकतो, यांचं लग्न झालंय, हा व्हिसा यांना लागू होत नाही. आम्ही नोंदणी केली नव्हती, हे मग त्याला पटवत बसायचं. नाही पटलं तर नवरा-बायको म्हणून पहिल्यापासून नवा अर्ज. आठ महिने पाण्यात.

साखरपुडा जरूर करा. अंगठ्या, पेढे, जेवण. बघणाऱ्याला साखरपुडाच दिसेल असा करा.

इथेच लग्न लावायचं ठरवलंत तर तोही रस्ता आहे, पण तो पंधरा दिवसांत संपत नाही. मुलगी हिंदू नसेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एकजण जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला हवा. तुमचा मुलगा राहतोच आहे. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, हरकतीसाठी 30 दिवस जातात, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. मुलीला तिकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणावं लागेल. आणि हा रस्ता धरला की के-वनचा अर्ज सोडायचा. कुठला रस्ता धरायचा ते मुलाशी आणि मुलीशी बसून ठरवा. भावकीला नंतर सांगा.

अजून एक. ती तुमच्या घरी उतरली की 24 तासांत तिच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन भरून द्या, पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणायचे. परदेशी पाहुणा ठेवणाऱ्या प्रत्येक घराला तो नियम आहे, फक्त हॉटेलांना नाही.

काकू, मी 31 वर्षांची, बेळगावात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाव खानापूर तालुक्यात. नवरा जर्मन. एप्रिलमध्ये आम्ही रजिस्टर लग्न केलं, मेमध्ये बंगळूरला व्हिसाचा अर्ज दिला. जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची परीक्षा पास आहे. आता कागदांच्या पडताळणीत अडकलंय. वाजतगाजत लग्न व्हिसा आल्यावर करायचं म्हणून गावात आम्ही नुसता साखरपुडा झालाय असं सांगितलंय. लॅबमध्ये मी मंगळसूत्र घालते आणि खानापूर स्टँडवर उतरायच्या आधी काढून पर्समध्ये ठेवते. बायका आईला विचारतात, "तो गोरा परत येणार काय?" आई रडते. टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच थांबू का? नोकरी सोडू का?
— एक वाचक, खानापूर तालुका

पोरी, तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देते, पण आधी मंगळसूत्राबद्दल बोलू. तू ते सहज लिहून गेलीस, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या पत्रात तीच गोष्ट सर्वांत धोक्याची आहे.

पडताळणी म्हणजे काय ते समजून घे. जर्मन वकिलात आपल्याकडचे दाखले नुसते शिक्का बघून मानत नाही. ती इथला एक वकील नेमते. तो जन्माची नोंद, लग्नाची नोंद, शाळेचं रजिस्टर प्रत्यक्ष जाऊन बघतो आणि घरच्यांना, शेजाऱ्यांनाही विचारू शकतो. तुझी प्रश्नावली आठव. त्यात माहिती देऊ शकणाऱ्या माणसांची नावं-पत्ते भरले असशील. आता असा माणूस तुमच्या गल्लीत आला, कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत बोलायला लागला, आणि त्याने शेजारच्या काकींना विचारलं, यांच्या मुलीचं लग्न झालंय का? त्या प्रामाणिकपणे सांगणार, नाही हो, साखरपुडा झालाय. तुझी आई गोंधळून म्हणणार, मला काही माहीत नाही. कागदावर एप्रिलमधलं लग्न आणि गल्लीत नुसता साखरपुडा. खरं लग्न असून तुम्ही खोटे दिसाल.

म्हणून गावाला सांग. वाजतगाजत नंतर करायचं ते कर, पण लग्न झालंय हे आज सांग. आईला एकटीला दारोदार हिंडायला लावू नकोस. एका रविवारी कुंद्याची मिठाई घेऊन जा, भावकीतल्या आणि शेजारच्या बायकांना चहाला बोलाव, लग्नाचा दाखला आणि रजिस्ट्रार ऑफिससमोरचा फोटो त्यांच्या हातात दे. त्याच वेळी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लाव. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. आपल्या दुपारी चारला त्यांचे साडेअकरा, सुटीच्या दिवशी तो घरी सापडेल. बायका काय विचारायचं ते त्यालाच विचारतील. आईच्या मागचं बोलणं त्याने निम्मं तरी थांबेल, असं मी माझ्या गल्लीत बघितलंय.

आणि आईला जावयाचं नाव, आडनाव, तो राहतो ते गाव आणि लग्नाची तारीख पाठ करून घ्यायला सांग. जर्मन आडनाव तिच्या तोंडात बसायला वेळ लागेल. माझ्या विहिणीचं नाव मी कॅलेंडरच्या मागे देवनागरीत लिहून ठेवलं होतं आणि पोळ्या लाटताना म्हणायची.

आता कागद. तुझी फाइल एका जागी नसते. वकिलात ती नवरा राहतो त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे पाठवते आणि त्यांची संमती लागते. तू इथून मेल पाठवून थकली असशील, पण तिथे जाऊन विचारणं त्याच्या हातात आहे. फाइल पोचली का, काय कमी आहे, हे त्याने लेखी विचारावं. योग्य कारण नसताना तीन महिने निर्णय दिला नाही, तर जर्मन कायद्यात कोर्टात दाद मागता येते. तुमच्या बाबतीत पडताळणी हे कारण धरलं जाईल की नाही ते तिथला वकील सांगेल. त्या सल्ल्याचे पैसे वाया जात नाहीत.

नावं स्वतः तपास, एक एक अक्षर. आपल्या सीमाभागात हा रोगच आहे. माझ्या मुलीच्या दहावीच्या मार्क्स कार्डावर नावातल्या 'त'साठी टी-एच आहे, कर्नाटकात तशीच पद्धत. पुढे कोल्हापूरच्या कॉलेजाने नुसता टी लिहिला. पासपोर्टवर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. मी दुसऱ्यांचे एवढे कागद तपासले आणि माझ्या मुलीचा तो एच माझ्या नजरेतून सुटला. फाइल परत आली, पाच महिने गेले. ते पाच महिने मला अजून बोचतात. तुझ्या कागदांत असं काही असेल तर दोन्ही स्पेलिंग लिहून 'वन अँड द सेम पर्सन'चं ॲफिडेव्हिट आत्ताच करून ठेव. जन्मगावाचंही बघ. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून जुन्या दाखल्यावर बेलगाम आणि पासपोर्टवर बेळगावी असं असतं. परदेशातल्या कारकुनाला ती दोन गावं वाटतात. नाव बदलल्याच्या अधिसूचनेची प्रत भाषांतरासकट जोड.

कुणी एजंट अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारायचा शिक्का, करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नकोस. भारत 2005 साली त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने त्यावर आक्षेप घेतलाय, म्हणून या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. आणि म्हणूनच ही पडताळणी करावी लागते.

टूरिस्ट व्हिसावर जाऊन थांबायचं मनातून काढून टाक. तो 180 दिवसांत 90 दिवसांचा असतो. कायमचं राहायला जायचं तर इथूनच त्यासाठीचा व्हिसा घेऊन जायचा असतो. तिथे थांबून राहिलीस तर परत पाठवतील आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते उत्तर देत बसावं लागेल. नवऱ्याला भेटायला जाऊन मुदतीत परत यायचं असेल तर अर्ज करता येतो, पण मोठा अर्ज चालू आहे हे त्यात लपवू नकोस. ही परत येणार नाही असं वाटून तो नाकारला जाऊ शकतो, तेवढी तयारी ठेव. त्यापेक्षा त्यालाच महिनाभर इकडे बोलाव. बेळगावात नको, गावात राहू दे. आईच्या हातचं जेवू दे, शेताच्या बांधावरून हिंडू दे, लोकांना दिसू दे.

नोकरी अजिबात सोडू नकोस. माझ्या मुलीने पहिले सहा महिने बॅग भरून दाराशी ठेवली होती. रोज त्या बॅगेला वळसा घालून आत-बाहेर करायची. नोकरी सोडलेली, दिवसभर फोन हातात. सातव्या महिन्यात मीच ती बॅग रिकामी केली, स्वेटर परत कपाटात लावले आणि बॅग माळ्यावर टाकली. ती चिडली, रडली, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पुढच्या आठवड्यात तिने शाळेत शिकवायला सुरुवात केली. तुझ्या हातात तर लॅबचं शिक्षण आहे. त्याची जर्मनीतली मान्यता मिळवण्याचा अर्ज इथूनच करता येतो. भाषेचंही ए-वनवर थांबू नकोस. लॅबमध्ये काम करायचं तर त्याहून बरीच जास्त भाषा लागेल. संध्याकाळचा तास त्याला दे.

येत्या जानेवारीत तुझी लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. नवरा असो नसो, आईला ती करू दे. काळी साडी नेस, हलव्याचे दागिने घाल, गल्लीला हळदीकुंकवाला बोलाव. तिने एवढं सहन केलंय, तिला तेवढं मिरवू दे. पण मंगळसूत्रासाठी संक्रांतीपर्यंत थांबायचं कारण नाही. या शनिवारी घरी जाशील तेव्हा ते गळ्यातच ठेवून उतर. आईला सकाळीच फोन करून सांग, म्हणजे ती स्टँडवर न्यायला येईल.