इंदूरच्या व्यापाऱ्याचा चेक परत आला, तो दिवाळीनंतर देतो म्हणतो. थांबू की वकील गाठू?

धुळ्यात तुमचा आणि तुमच्या साडूंचा मिरची-मसाल्याचा कारखाना आहे. इंदूरच्या व्यापाऱ्याकडे 3 लाख 80 हजार अडकलेत, त्यातला 2 लाखांचा चेक परत आलाय आणि तो फोनवर सांगतोय, ‘दिवाळी होऊ द्या’. थांबावं का, आणि वकिलाला पैसे देण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. मी जळगावला वकिली करतो. लहान कारखानदारांच्या अडकलेल्या पैशांची प्रकरणं माझ्याकडे रोज येतात, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय. बँकेने चेकसोबत दिलेला रिटर्न मेमो आत्ता शोधा आणि त्याच्यावरची तारीख बघा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. फिर्यादीला थोडा उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असलं, तर कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीचे 30 दिवस मात्र कोर्टालाही वाढवून देता येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी इथल्या एमआयडीसीतले एक चटईवाले आले होते. खिशातल्या डायरीत मेमो चार घड्या घालून ठेवलेला. टेबलावर तो सपाट करताना त्यांचा अंगठा नेमका तारखेवर होता. अंगठा उचलला तेव्हा मी दिवस मोजले, 41 झाले होते. चेकवरच्या तारखेलाही तीन महिने उलटून गेले होते. समोरचा दर सोमवारी ‘पुढच्या सोमवारी नक्की, भो’ म्हणायचा आणि हे विश्वास ठेवायचे. आपल्या खान्देशात व्यवहार शब्दावर चालतो, त्यात वाईट काही नाही. पण ज्याला द्यायचे आहेत तो नोटीस गेल्यावरही देतो. त्यांना शेवटी दिवाणी दावा लावावा लागला आणि चेकची केस हातची गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमचे 30 दिवस उलटले असतील तरी चेकवरची तारीख बघा. चेक तीन महिने चालतो. ती मुदत बाकी असेल तर तो पुन्हा भरा. परत आला की नवा मेमो मिळतो आणि नवे 30 दिवस सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे स्पष्ट केलंय.

नोटिशीत चेकचीच रक्कम मागा, म्हणजे 2 लाख. बाकीचे 1 लाख 80 हजार त्याच आकड्यात मिसळू नका, नोटीस तेवढ्यावरून बाद होऊ शकते. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा.

‘इंदूरला चकरा माराव्या लागतील’ अशी भीती तुम्ही लिहिली आहे, ती मनातून काढून टाका. 2015 च्या दुरुस्तीपासून 138 ची केस (चेक परत आल्याचा गुन्हा ज्या कलमात येतो ते कलम) जिथे तुमचं खातं आहे, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालते. खातं धुळ्याच्या शाखेत असेल तर त्यालाच धुळ्याला यावं लागेल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकालाला वेळ लागतो, तारखा पडतात, हे खरं. पण केस चालू असताना चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, आणि समन्स घरी पोचलं की बरेच जण तडजोडीला येतात.

पोलीस स्टेशनला जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवायच्या मागे लागू नका. पहिल्या दिवसापासून बुडवायचाच हेतू होता हे दाखवता आलं तरच ती फसवणूक ठरते. तुमच्याकडून त्याने आधी दोन वर्षं माल नेला आणि पैसेही दिले, त्यामुळे ते इथे बसत नाही.

आता पूर्ण 3 लाख 80 हजारांचं. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे आणि तुम्ही माल स्वतः दळता, ही मोठी जमेची बाजू. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हा मार्ग मिळत नाही.) 2006 च्या एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे यायला हवेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट बदलत असतो, उदाहरणादाखल साडेसहा टक्के धरला तर साडेएकोणीस टक्के होतात. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन करायची. आपल्या भागाची कौन्सिल नाशिकला आहे, आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी तक्रार माल पुरवणाऱ्याच्या भागातल्या कौन्सिलकडेच चालते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. लवादाच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर त्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात 90 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. हा अर्ज वकिलाशिवाय भरता येतो. उद्यम क्रमांक, बिलं, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि खातेउतारा एवढं जवळ ठेवा.

त्याच्याशी बोलताना जीएसटीचाही विषय काढा. तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, त्याने घेतलं असेल आणि 180 दिवसांत पैसे दिले नसतील, तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. मी बघितलंय, व्यापारी वकिलाच्या नोटिशीपेक्षा स्वतःच्या सीएचा फोन लवकर ऐकतो.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मात्र मला जास्त टोचली: ‘भागीदारी तोंडीच आहे, साडूशी कागद कशाला’. भागीदारी संस्था नोंदलेली नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तिला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. सगळे कागद खरे, माल खरा, आणि दावा दारातच अडतो. नोंदणी दाव्याच्या आधी झालेली असली तरी चालते, माल त्यापूर्वी गेलेला असला तरी हरकत नाही. म्हणून साडूंना घेऊन बसा, भागीदारीपत्र करा आणि नोंदणीचा अर्ज टाका. नात्यावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. तुम्हा दोघांचे पैसे तिसऱ्याकडून सुटावेत म्हणून करायचं आहे.

दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत त्याने येणं लेखी मान्य करून सही दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. म्हणून यापुढे दर मार्चअखेर प्रत्येक व्यापाऱ्याला खातेउतारा पाठवा, खाली एक ओळ छापा: ‘आपल्याकडे आमचे रु. ... येणे आहे, मान्य’, आणि सही-शिक्क्यासह परत मागवा. बिलावर ‘वाद फक्त धुळे न्यायालयाच्या कक्षेत’ हेही छापून घ्या. रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा सहसा सक्तीचा आहे, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून होतो.

वकील हवा का? नोटीस आणि 138 साठी हवा, तारखांची चूक परवडत नाही. धुळ्यातलाच गाठा. फी आधीच स्पष्ट विचारा: नोटिशीची किती, फिर्याद दाखल करायची किती, पुढे प्रत्येक तारखेला किती, आणि ते लिहून घ्या. कुणी ताई स्वतःच्या नावाने पापड-कुरडयांचा उद्योग करत हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो: महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

मेमोवरची आणि चेकवरची, दोन्ही तारखा इथे खाली लिहा. तुमच्याकडे किती दिवस उरलेत ते मोजून सांगतो.