ताकाचा पाऊस पाडणारी चेटकीण

तुम्ही विचारलंय की लहानपणी आवडलेलं, मग नावही विसरून गेलेलं एखादं विनोदी पुस्तक मोठेपणी पुन्हा सापडलं का, ते तेव्हाही तितकंच आवडलं का, आणि नऊ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवता येईल का.

मला सापडलं. शाळेत असताना त्याची इंग्रजी प्रत वाचली होती, कव्हर फाटलेली, त्यामुळे लेखक-बिखक काही ठाऊक नव्हतं. डोक्यात राहिला तो फक्त ताकाचा पाऊस. पुढे पुण्यात जर्मन शिकत होतो. मोठ्यांच्या कादंबऱ्या झेपत नव्हत्या, म्हणून मॅक्स म्यूलर भवनच्या ग्रंथालयातून मुलांचं एक पुस्तक उचललं. पहिल्याच प्रकरणात एक चेटकीण पाऊस पाडायचा सराव करतेय, तर आभाळातून आधी पांढरे उंदीर पडतात, मग बेडूक, आणि शेवटी धो धो ताक! ग्रंथालयात मोठ्याने हसलो.

पुस्तक म्हणजे जर्मन लेखक ओटफ्रीड प्रॉयस्लर यांचं ‘डी क्लाइनं हेक्सं’ (‘छोटी चेटकीण’), 1957 सालचं. ही छोटी चेटकीण अवघी 127 वर्षांची, म्हणजे त्यांच्यात अगदीच पोर. रोज सहा तास मंत्र घोकते, जंगलातल्या घरात राहते, आणि सोबतीला अब्राक्सास नावाचा बोलका डोमकावळा. वाल्पुर्गिसच्या, म्हणजे चेटकिणींच्या जत्रेच्या, रात्री सगळ्या मोठ्या चेटकिणी ब्लॉक्सबेर्ग डोंगरावर नाचतात, तिथे ही बोलावणं नसताना घुसते. रुम्पुम्पेल मावशी तिला पकडून देते. खराटा जाळला जातो, आणि बाईसाहेब तीन दिवस तीन रात्री पायी घरी. पुढच्या वर्षी नाचायचं असेल तर ‘चांगली चेटकीण’ होऊन परीक्षा दे, असं थोरली चेटकीण बजावते.

आता हिला वाटतं, चांगली म्हणजे चांगली कामं करणारी. मग वर्षभर ती तेच करते. वारा सुटत नाही म्हणून सरपण मिळत नसलेल्या म्हाताऱ्या बायकांसाठी वारा सोडते. त्यांना हाकलणाऱ्या वनरक्षकाकडूनच लाकडं फोडून आणि वाहून घेते. कागदी फुलं विकणाऱ्या मुलीच्या फुलांना वास देते, थंडीने काकडणाऱ्या चेस्टनटवाल्याला ऊब देते. विनोद आहे तो इथे. तिची सत्कृत्यं कधीच साळसूद नसतात, त्यात थोडा तरी वात्रटपणा असतोच. लहानपणी मला कावळा भयंकर कटकट्या वाटायचा. आता पुस्तकातलं सगळ्यात मजेदार पात्र तोच वाटतो. एकसारखा उपदेश करणारा, आणि तरीही तिच्या प्रत्येक उपद्व्यापात सामील.

शेवट मात्र मला तेव्हा कळलाच नव्हता. (पुढचं वाचू नका असं म्हणणार होतो, पण तुम्हीच वाचून दाखवणार आहात.) परीक्षेत ती सगळे मंत्र बिनचूक म्हणते. मग मावशी वही काढते, तिची सगळी चांगली कामं वाचून दाखवते आणि सभा खवळते. चांगली चेटकीण म्हणजे कायम वाईट वागणारी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! शिक्षा अशी: नाचाच्या रात्री पेटवायच्या होळीची लाकडं तिने एकटीने रचायची आणि नाच मात्र नुसता बघायचा. ती मुकाट्याने सरण रचते. लाकडांऐवजी सगळ्या चेटकिणींचे खराटे आणि मंत्रांची पुस्तकं टाकते, आणि पेटवून देते.

विनोदी पुस्तकाला हा शेवट फारच जहाल, असं मोठेपणीही वाटलं. मग लेखकाविषयी वाचलं. प्रॉयस्लर 1923 साली बोहेमियात जन्मले, युद्धानंतर काही वर्षं सोव्हिएत कैदेत काढली आणि पुढे बव्हेरियात शिक्षक झाले. त्यांच्या मुली चेटकिणींना घाबरायच्या. बाबा म्हणाले, आता वाईट चेटकिणी उरलेल्याच नाहीत. मुलींचा लगेच पुढचा प्रश्न: का नाहीत? त्याचं उत्तर देता देता हे पुस्तक झालं. म्हणजे ती होळी हाच मुळात पुस्तकाचा मुद्दा. घाबरणाऱ्या पोरीला ‘उगी उगी’ म्हणण्यापेक्षा ‘त्यांचे खराटेच जळले’ हे सांगणं किती पटण्यासारखं आहे! मला तरी हे बोधकथेपेक्षा शंभर पटीने आवडतं.

तुमच्या मुलीसाठी जरूर घ्या. इंग्रजी भाषांतर मिळतं. जर्मन येत असेल तर 2013 नंतरची आवृत्ती बघा. जुन्या आवृत्तीत कार्निव्हलच्या सोंगांच्या प्रकरणात वंशवाचक शब्द होते, ते त्या सुमारास प्रकाशकाने बदलले. त्यावरून जर्मनीत बराच गदारोळ झाला. माझ्या मते बदललं ते बरं झालं, गोष्टीचं काहीही बिघडलेलं नाही. विनी गेबहार्ट यांची चित्रं असलेलीच प्रत घ्या, मोठ्या नाकाची ती चेटकीण दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

प्रकरणं छोटी आहेत, रात्री एकेक पुरतं. फक्त शेवटची दोन एकाच बैठकीत वाचा. शिक्षा ऐकून मध्येच दिवा मालवलात तर मुलगी तुम्हाला झोपू देणार नाही.