'अक्का' चालते, 'ताई' अडते : दोन इंटरफेस, एक क्लास

प्रश्न (खानापूर) : दोन इंटरफेसमध्ये एकाच नावाची मेथड आहे. जावाच्या क्लासमध्ये ती दोनदा लिहायची का?

एकदाच. इंटरफेस म्हणजे क्लासने कुठल्या मेथड (कामं) द्यायच्या त्याची यादी. 'अक्का' म्हणजे मराठीतही थोरली बहीण, कन्नडमध्येही. तसंच नाव, पॅरामीटर (मेथडला दिलेली माहिती) आणि रिटर्न टाइप (ती परत देते त्या उत्तराचा प्रकार) जुळले की एकच मेथड दोन्हीकडे चालते. फक्त अर्थ तुम्ही तपासा, कंपायलर तपासत नाही. 'क्लोज' म्हणजे एकीकडे फाइल मिटणं आणि दुसरीकडे गिऱ्हाइकाचं खातं बंद करणं असेल, तर प्रोग्राम बिनतक्रार चालेल आणि खाती बंद होत राहतील.

प्रश्न (निपाणी) : माझ्याकडे एका इंटरफेसमध्ये रिटर्न टाइप इंट (पूर्णांक), दुसऱ्यात स्ट्रिंग (मजकूर) आहे. काही केल्या कंपाइल होत नाही.

होणारही नाही. हा 'ताई'चा घोटाळा. मराठीत ताई म्हटलं की बहीण, कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई. आता एका हाकेला दोघींनी कसं यायचं? जावा मेथड निवडताना नाव आणि पॅरामीटर बघतो, रिटर्न टाइप नाही. इंटरफेस तुमचाच असेल तर सरळ नाव बदला. लायब्ररीतला असेल तर एक इंटरफेस मूळ क्लासला द्या आणि दुसऱ्यासाठी छोटा अ‍ॅडॅप्टर क्लास लिहा, जो काम मूळ ऑब्जेक्टकडे सोपवेल. सी शार्पवाल्यांची मात्र मजा आहे. तिथे मेथडच्या नावाआधी इंटरफेसचं नाव लावून दोन्ही वेगळ्या लिहिता येतात आणि ज्या इंटरफेसच्या रेफरन्समधून बोलावाल ती चालते. बेळगावच्या गणपत गल्लीतला दुकानदार नाही का, गिऱ्हाईक बघून मराठी नाहीतर कन्नड बोलतो!

प्रश्न (टिळकवाडी) : इंटरफेसमुळे डायमंड प्रॉब्लेम येत नाही असं शिकलो. मग दोन डिफॉल्ट मेथडवर एरर का?

डायमंड प्रॉब्लेम म्हणजे दोन वाटांनी एकच मेथड वारशाने आली की कुठली खरी हा पेच. तुम्हाला शिकवलं ते जुन्या जावाचं. मार्च 2014 मध्ये जावा 8 आला आणि इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड, म्हणजे तयार कोडसकट मेथड, लिहिता येऊ लागल्या. कलेक्शनसारख्या जुन्या इंटरफेसमध्ये 'स्ट्रीम' घालायची होती, पण त्यावर उभे असलेले लोकांचे क्लास मोडून चालणार नव्हतं. त्यातून दोन इंटरफेसच्या एकाच नावाच्या डिफॉल्ट मेथडचं हे भांडण आलं. आपल्या सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. कंपायलर तेवढी वाट बघत नाही, जागच्या जागी एरर देतो आणि निवाडा तुमच्यावर टाकतो. क्लासमध्ये ती मेथड स्वतः लिहा. दोघांतली एकच हवी असेल तर आत लिहा : इंटरफेसचं नाव, टिंब, सुपर, टिंब, मेथडचं नाव. पॅरेंट क्लासमध्येच तशी मेथड असेल तर मात्र वाद नाही, क्लासचा शब्द अखेरचा. सी प्लस प्लससारखी एकाच डेटाची दोन बिऱ्हाडं इथे होत नाहीत, कारण इंटरफेसला स्वतःचे इन्स्टन्स फील्ड (ऑब्जेक्टचा डेटा ठेवायच्या जागा) नसतात.

प्रश्न (चिकोडी) : एका क्लासला जास्तीत जास्त किती इंटरफेस देता येतात?

क्लास फाइलमध्ये हा आकडा 16 बिटांत नोंदतात, म्हणून 65,535. मी पाचव्यालाच थांबतो आणि क्लासचे दोन करता येतील का बघतो. हा माझा हट्ट, जावाचा नियम नव्हे.