शीर, नस, स्नायू आणि सुट्टीचा अर्ज

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलंय : "भाचा कुस्ती खेळतो. सरावात त्याचा घोटा मुरगळला. वस्ताद म्हणाले शीर सरकली, आजी म्हणाली नस चढली, डॉक्टर म्हणाले लिगामेंटला मार आहे. शाळेच्या अर्जात मी 'स्नायू दुखावला' असं लिहिलं. यातलं बरोबर काय?"

चुकला असेल तर तो अर्जच. डॉक्टर बरोबर आहेत, आणि वस्ताद व आजी आपल्या परीनं बरोबर आहेत.

आधी उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोऱ्या ताठ उभ्या राहतील. आता डाव्या हातानं कोपराखालचं मांस चाचपा आणि मूठ उघडझाप करा. हलतं ते मांस तिथं, वर. बोटं मिटवणारं मोठं बळ बोटांत नसतंच, ते कोपराखालच्या मांसात असतं आणि मनगटातून गेलेल्या दोऱ्यांनी बोटं ओढली जातात, कळसूत्री बाहुलीसारखी. पैलवानाची पकड बघायची तर पंजा बघून उपयोग नाही, कोपराखालचा हात बघावा.

यातलं आकसणारं लाल मांस म्हणजे स्नायू. त्याला हाडाशी जोडणारी पांढरी चिवट दोरी म्हणजे कंडरा किंवा स्नायुरज्जू. आणि एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून सांधा जागेवर धरणारा पट्टा म्हणजे अस्थिबंध, डॉक्टरांचं लिगामेंट. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीनं असतात : दंडाच्या पुढचा स्नायू हात वाकवतो, मागचा सरळ करतो. एक आकसताना दुसरा सैल सुटतो. ही ओढाताण चालू असताना सांधा भलतीकडं जाऊ नये, याची राखण अस्थिबंध करतो. घरी पाया शिजवत असाल तर हाडांना धरून बसलेले वातड पांढरे दोरे आणि पट्टे पाहिले असतीलच. ते हेच.

आता गंमत. 'स्नायू' हा शब्द मुळात मांसाचा नव्हेच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्यात, आणि तिथं मांसाच्या गोळ्याला म्हटलंय पेशी. स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. दृष्टान्त नावेचा दिलाय : फळ्या पुष्कळ बंधांनी आवळून बांधल्या की नाव पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे सगळे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार सोसतो. म्हणजे सुश्रुताचा स्नायू बराचसा आपला अस्थिबंध. कंडरा हा त्यानं स्नायूचाच गोल प्रकार मानलाय. नावेपेक्षा कोल्हापूरकराला वादीनं शिवलेली चप्पल चटकन समजेल, पण सुश्रुत पडला काशीकडचा.

पुढं मराठीत स्नायू दोरीवरून मांसावर सरकला. मग पेशीची जागा गेली, आणि ती आपण सूक्ष्मदर्शकाखालच्या कणाला देऊन टाकली. हिंदीत मांसाला अजून 'मांसपेशी' म्हणतात. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. हसू नका, ग्रीकांचंही तेच झालं : आपल्या स्नायूचा चुलतभाऊ असलेला 'न्यूरॉन' त्यांच्याकडं आधी चिवट दोरीच होता, मज्जातंतू नंतर झाला.

स्नायू असा हातचा गेल्यावर दोरी आणि पट्ट्याला बोलीत नाव उरलं नाही. अस्थिबंध आणि कंडरा हे पुस्तकातले शब्द, तालमीत कोण बोलतंय ते? तिथं ती जागा शिरेनं भरून काढली. शीर ही संस्कृतातली सिरा, म्हणजे रक्तवाहिनी. पण बोलीत कातडीखाली दोरीसारखं लागेल ते सगळं शीर किंवा नस. टाचेमागच्या जाड कंडरेला तर 'धोंडशीर' असा खास जुना शब्द आहे. पोटरीचं सगळं बळ टाचेला पोचवते ती हीच. हा शब्द वापरात राहायला हवा होता असं मला फार वाटतं.

नामात अशी कंजुषी असली तरी मराठीनं क्रियापदात ती पुरेपूर भरून काढली आहे. घोटा, मनगट मुरगळतं. मांडी कधी मुरगळत नाही. पहिल्या दिवशी दाबून बैठका मारल्या तर पट भरून येतात (तालमीत मांडीला पट म्हणतात). पोटरीत गोळा येतो, पाठीत उसण भरते, कंबर लचकते, मान अवघडते, खांदा निखळतो. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. 'भरून आलं' म्हणजे मांस दुखतंय, दोनचार दिवसांत उतरेल. 'गोळा आला' म्हणजे स्नायू आकसलाय आणि सैल सुटत नाहीये. 'मुरगळला' म्हणजे सांध्याचा बंध ताणलाय, आणि बंधाला रक्तपुरवठा बेताचाच असल्यामुळं तो सावकाश भरतो. 'निखळला' म्हणजे हाड जागा सोडून गेलं. कंडरेला तेवढं स्वतःचं क्रियापद मिळालं नाही, ती शिरेच्या नावावरच आखडते.

तेव्हा वस्तादांची शीर राहू द्या, आजीची नसही राहू द्या. अर्जात शास्त्रशुद्धच लिहायचं असेल तर 'घोट्याचा अस्थिबंध दुखावला' असं लिहा. पण तुम्ही मला पत्रात पहिल्याच झटक्याला 'घोटा मुरगळला' लिहिलंत ना, तेच अर्जात चाललं असतं.