ब्रिटनमधल्या संलग्न इव्हेंटिंग स्पर्धांना हल्ली प्रवेशिका कमी का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची शिकायला इंग्लंडला आली आहे, पुण्यात घोडेस्वारी शिकलेली आहे, तिला इथे इव्हेंटिंग करायचंय. पण पागेतल्या कुणीतरी तिला सांगितलं की संलग्न स्पर्धांना आता कोणी नावंच नोंदवत नाही, त्यात पडू नकोस. हे खरं का, आणि खरं असेल तर असं का झालं?

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं वॉरिकशरमध्ये राहते. माझी मुलगी तिच्या घोडीवर नव्वद सेंटिमीटर अडथळ्यांच्या गटात उतरते. मी स्वतः गेले नऊ हंगाम फेन्स जज म्हणून बसते, म्हणजे क्रॉस-कंट्रीच्या एका अडथळ्यापाशी दिवसभर थांबून कोणता घोडा नीट गेला, कोणता अडला याची नोंद ठेवते. त्यामुळे घरातला हिशेब आणि मैदानावरची परिस्थिती, दोन्ही जवळून बघते. प्रवेशिका घटल्या आहेत, हे खरं आहे. भाचीने त्यात पडू नये, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा: ड्रेसाज (ठरवून दिलेल्या चाली), शो जंपिंग (धक्का लागला की पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या) आणि क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून दौड). २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली, ती यातच. ब्रिटनमध्ये या खेळाची संस्था ब्रिटिश इव्हेंटिंग, सगळे तिला बीई म्हणतात. तिच्या नियमांनी, तिने नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर होते ती संलग्न स्पर्धा, आणि तिथला निकाल घोड्याच्या नावावर कायमचा नोंदला जातो. खालचे गट ऐंशी, नव्वद, शंभर असे, आकडा म्हणजे अडथळ्याची उंची सेंटिमीटरमध्ये. त्याच्या वर नॉव्हिस, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड. हंगाम मार्च ते ऑक्टोबर.

आता घट कुठे आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर कारणं कळणार नाहीत. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. इथेही तसंच आहे. व्यावसायिक स्वार मालकांचे घोडे चालवतात, एका दिवशी चार-पाच घोडे उतरवतात, त्यांचं पोटच त्यावर. बाकीचे सगळे शिलेदार: शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली नर्स, शेतकऱ्याचा मुलगा, आमच्यासारखी कुटुंबं. एकच घोडा, स्वतःच्या पगारातून पोसलेला. ऐंशी-नव्वद-शंभरचे गट या लोकांनी भरतात आणि स्पर्धेचा खर्च मुख्यतः त्यांच्या शुल्कातून निघतो. वरच्या गटांना घोडे कमी आणि मैदान मात्र मोठं लागतं. शिलेदार घरी बसले की वरच्यांचंही मैदान जातं.

आणि ते घरी का बसले? पहिलं कारण पैसा, ते कोणीही सांगेल. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दर फेब्रुवारीत जे होतं ते सांगते. मुलगी वही घेऊन बसते. प्रवेशशुल्क आणि वर आरंभशुल्क मिळून शंभर पौंडांच्या घरात. गाडीचं डिझेल जाऊन-येऊन. सहा आठवड्यांनी नालबंद येतो, ते वेगळं. वर्षाचं सदस्यत्व, घोड्याची नोंदणी, फ्लूची लस. मग ती समोर लिहिते: ड्रेसाज पाच मिनिटं, शो जंपिंग दोन, क्रॉस-कंट्री पाच. नव्वदच्या गटात मिनिटाला ४५० मीटरचा वेग धरायचा असतो, दोन किलोमीटरचा मार्ग चार-साडेचार मिनिटांत संपतो. म्हणजे पहाटे चारला उठून, खरारा करून, आयाळीच्या वेण्या घालून, दोन तास गाडी चालवून एकूण बारा मिनिटं. ती बारा मिनिटं मिळाली तर आम्हाला खर्चाचं काही वाटत नाही. अर्धा वेळ ती मिळतच नाहीत, खरं दुखणं तिथे आहे.

२०२२च्या जुलैत इथे पेट्रोल लिटरला १९१ पेन्सवर गेलं होतं आणि त्याच ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्क्यांवर. घोडा ठेवणाऱ्यांनी तेव्हा घोडे विकले, काहींनी नवे घेतलेच नाहीत. घोड्यांच्या सामानाच्या व्यापाऱ्यांची संघटना दर काही वर्षांनी पाहणी करते. त्या पाहणीत २०१९ साली ब्रिटनमध्ये ८ लाख ४७ हजार घोडे होते, २०२३ साली ७ लाख २६ हजार. मुळात घोडेच कमी झाले तर प्रवेशिका कुठून येणार?

पण महागाई उतरली तरी माणसं परत आली नाहीत, आणि त्याचं कारण पाऊस. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६पासूनच्या नोंदींमधले सर्वांत ओले. कोविडने २०२० साल खाल्लं होतंच, त्यावर हा दुष्काळात तेरावा महिना. या स्पर्धा शेतकऱ्यांच्या आणि जमीनदारांच्या गवताळ रानात होतात. रान भिजलं की घोड्याचा पाय फसतो, पायाचा स्नायुबंधच तुटायचा, आणि पार्किंगमध्ये ट्रक रुततात. २०२४च्या वसंतात एकामागून एक स्पर्धा रद्द झाल्या. आमच्या लागोपाठ तीन गेल्या. त्यातल्या एकीचा निरोप शुक्रवारी संध्याकाळी आला, घोडीच्या वेण्या घालून झाल्यावर. मुलीने मुकाट्याने त्या एकेक करून सोडल्या. शुल्काचा काही भागच परत आला. उन्हाळा कोरडा गेला तर उलटी अडचण: २०२२च्या उन्हाळ्यात जमीन इतकी टणक झाली की पायांना हादरे बसतील म्हणून लोकांनी आपणहून नावं काढून घेतली.

माझ्या मते यातूनच खरी मोडतोड झाली, आणि बाहेरच्यांना ती दिसत नाही. प्रवेशिकेला एक बॅलटची तारीख असते. पूर्वी स्पर्धेला जागेपेक्षा जास्त नावं यायची, म्हणून त्या तारखेनंतर चिठ्ठ्या टाकून जादा नावं वगळायचे. जागा मिळावी म्हणून लोक आठवडेच्या आठवडे आधी नाव घालत. आता दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. पाच दिवसांचा हवामानाचा अंदाज बघायचा, रान कसं आहे ते कुणाला तरी विचारायचं, आणि मग शेवटच्या क्षणी नाव घालायचं. आयोजक त्या तारखेला यादी उघडतो तर निम्मी रिकामी. त्याने तोवर रुग्णवाहिका, डॉक्टर, पशुवैद्य, शो जंपिंगचं सामान, शौचालयं, मार्ग बांधणारे, सगळ्यांना शब्द दिलेला असतो. यादी बघून त्याच्या पोटात गोळा येतो. तो एक गट काढून टाकतो, किंवा दोन दिवसांची स्पर्धा एका दिवसावर आणतो, किंवा रद्दच करतो. ते बघून स्वार म्हणतात, "बघा, यांचा काही भरवसा नाही." पुढच्या वेळी ते आणखी उशिरा नाव घालतात. दोन्ही बाजू शहाणपणाने वागताहेत आणि दोन्ही मिळून स्पर्धा मारताहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत.

माझ्या अडथळ्यापाशी हे कसं दिसतं ते सांगते. पूर्वी माझ्या गाडीच्या बॉनेटवरची क्रमयादी दोन पानं भरून असायची. दोन मिनिटांनी एक घोडा, डबा खायला सवड नाही. एक दिसेनासा होतोय तोवर पुढच्याच्या टापा ऐकू यायच्या. उजवीकडे तांबडं निशाण, डावीकडे पांढरं, मधून घोडा गेला की कागदावर खूण. पहिल्यांदा अडला तर २० दंडगुण, दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा बाद. गेल्या वसंतात मी याच अडथळ्यावर बसले होते, झाडाच्या ओंडक्याखाली खंदक असलेला तो प्रकार, आणि यादीत नावांपेक्षा रेघा जास्त होत्या. नाव काढून घेतलं, रेघ. आलाच नाही, रेघ. दहा-दहा मिनिटं रान शांत. मग रेडिओवर आवाज यायचा, "पुढचा सुटला," आणि मी शिट्टी गळ्यात नीट करून उभी राहायची. एक मुलगी ऐंशीच्या गटात पहिल्यांदाच आली होती, खंदकापाशी घोडा थबकला, तिने पाय लावले आणि तो गेला. पलीकडे उतरून ती जोरात रडली, आनंदाने. ते बघायला तिथे मी आणि माझ्या शेजारच्या सत्तर वर्षांच्या बाई, एवढ्या दोघीच होतो.

लोक खेळ सोडून मात्र गेलेले नाहीत. ते बाहेरच्या, म्हणजे बीईशी संलग्न नसलेल्या स्पर्धांना जातात. रायडिंग क्लब आहेत, पोनी क्लब आहे, कॉट्सवोल्ड कपसारखी मालिका आहे. हिवाळ्यात वाळूच्या मैदानावर अरीना इव्हेंटिंग असतं, तिथे पावसाने काही बिघडत नाही. शुल्क कमी, सदस्यत्वाची कटकट नाही, कधीकधी मैदान आणि अडथळेही तेच. ज्याला शंभरच्या वर जायचंच नाही, त्याला कायमच्या नोंदीचं काय करायचं? घोडा विकणाऱ्याला ती नोंद लागते. नॉव्हिसमधून इंटरमीडिएटला जायचं तर पात्रतेचे निकाल संलग्न स्पर्धेतलेच लागतात. बाकीच्यांना नाही. मी त्या लोकांना दोष देत नाही, आम्हीही जातो.

फक्त एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. १९९९ साली ब्रिटनमध्ये एका हंगामात पाच स्वारांचा या खेळात मृत्यू झाला. घोडा पक्क्या अडथळ्यावर छातीने आदळून उलटा होतो आणि स्वाराच्या अंगावर पडतो, हा सगळ्यांत घातक प्रकार. त्यानंतर चौकशी समिती बसली, ठरावीक जोराचा धक्का बसला की ओंडका खाली पडेल अशा खिळ्या निघाल्या, मार्ग तपासायला तांत्रिक सल्लागार असतात. संलग्न स्पर्धेच्या जादा शुल्कात हे सगळं आहे. बाहेरच्या स्पर्धाही नीट होतात, पण तिथे ते आपण विचारून घ्यायचं: डॉक्टर आहे का, मार्ग कोणी तपासला, प्रत्येक अडथळ्यावर माणूस आहे का. भाचीला हे तीन प्रश्न पाठ करायला सांगा.

आयोजकांचं दुःख मोठ्या नावांनाही चुकलेलं नाही. ग्लॉस्टरशरमधल्या गॅटकोमला १९८३पासून ब्रिटिश इव्हेंटिंगचा महोत्सव भरायचा, राजघराण्याच्या इस्टेटीत. वाढता खर्च झेपत नाही म्हणून तो बंद केल्याचं २०२४च्या अखेरीस जाहीर झालं. आम्ही दरवर्षी जायचो, तिथल्या उतारावर घोंगडी टाकून बसायचो. आणि त्याच २०२४ साली पॅरिसमध्ये ब्रिटनच्या संघाने इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकलं होतं, टोकियोपाठोपाठ सलग दुसरं. कळस झळाळतोय आणि पाया खचतोय, हे इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. ते पदकवीरही कधीतरी एखाद्या शेतकऱ्याच्या ओल्या रानातूनच वर आले.

आणखी एक बारीक कारण, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: परवाना. १९९७च्या आधी ज्यांनी गाडीची परीक्षा दिली त्यांना साध्या परवान्यावर साडेसात टनांचा ट्रक चालवता येतो. नंतरच्यांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. घरातला जुना घोड्यांचा ट्रक आजोबा चालवू शकतात आणि नात चालवू शकत नाही. आजोबांनी चालवणं सोडलं की ट्रक विकला जातो आणि नातीचं स्पर्धेला जाणंही थांबतं. आमच्या गल्लीतच अशी दोन घरं आहेत.

भाचीसाठी म्हणाल तर तिच्याकडे स्वतःचा घोडा नसणार, म्हणून तिने आधी जवळच्या रायडिंग क्लबात जावं. तिथे घोडा अर्धलीने मिळतो: आठवड्यातले काही दिवस आपण चालवायचा, त्या दिवसांचा खर्च उचलायचा. बाहेरच्या दोन-तीन स्पर्धा कराव्यात. मग संलग्न स्पर्धेला एकदा डे पास काढून उतरावं, वर्षाचं सदस्यत्व लगेच घ्यायची गरज नाही. आणि नाव घालायचंच असेल तर बॅलटच्या तारखेआधी घालावं. आम्ही या हंगामात तीन स्पर्धा ठरवल्या आणि तिन्हींची नावं तारखेच्या दहा दिवस आधी घातली, अंदाज न बघता. एक रद्द झाली. दोन झाल्या.

त्याआधी मात्र तिला एक दिवस फेन्स जज म्हणून पाठवा. आयोजकांना माणसं कायम कमी पडतात. अनुभव लागत नाही, सकाळी अर्ध्या तासात सगळं समजावतात आणि पहिल्यांदा आलेल्याला जाणत्या माणसाबरोबर बसवतात. गमबूट, घडीची खुर्ची, दोन पेनं आणि पावसाळी कोट एवढं लागतं. डबा आयोजक देतात, पण तो थंड सँडविचचा असतो, तेव्हा थर्मासमध्ये चहा स्वतःचा न्यायला सांगा.